सकाळचीच गोळी का उरायची?

माझे भावोजी टॉवर क्रेन चालवतात. शहरात एखादी उंच इमारत बांधायला घेतली की तिच्या शेजारी जो पिवळा लोखंडी सांगाडा उभा राहतो, त्याच्या टोकाशी काचेची एक खोली असते. त्या खोलीत सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत हा माणूस बसलेला असतो. साइटवर त्यांना सगळे आभाळराव म्हणतात. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांना नुसतं 'अहो' म्हणते. मी भावोजी म्हणते, आणि रागावले की मीही आभाळराव म्हणते. मी बऱ्याचदा रागावते. राग माझ्या नाकावरच असतो असं आई म्हणायची, आणि बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यावर तो तिथून हलायचं नावच घेत नाही.

भावोजींची ती वरची खोली मी कधी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल इतकं ऐकलंय की डोळे मिटून सांगेन. एक खुर्ची, दोन्ही हातांपाशी एकेक दांडा, पायाखालीसुद्धा काच, समोर वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा आणि खुर्चीमागे अडकवलेला स्वच्छ फडका. दोनशे दहा पायऱ्यांची उभी शिडी चढून गेलं की दाराबाहेर बूट काढायचे आणि आत ठेवलेल्या चपला घालायच्या. हा नियम कंपनीचा नाही, भावोजींचा आहे. ते रजेवर असले की जो बदली चालक यायचा, तो एकदा त्यांना चिडवायला म्हणाला, "आभाळराव, दाराबाहेर पायपुसणं पण टाका की." दुसऱ्या दिवशी भावोजींनी खरंच पायपुसणं टाकलं.

असा टापटिपीचा माणूस औषधांच्या बाबतीत किती चोख असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि तिथेच मी फसले.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी दुकानात रक्तदाब मोजायचं नवं यंत्र आणलं. ते चालवून बघायला कुणीतरी हवं होतं. तेवढ्यात भावोजी खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर, खालचा एकशे चार.

"यंत्र बिघडलंय तुझं," भावोजी म्हणाले.

"आजच आणलंय."

"मग आजच परत कर."

पाच मिनिटं त्यांना गप्प बसवून मी पुन्हा मोजलं, नंतर दुसऱ्या हातावर मोजलं. आकडे दोन-चारने इकडेतिकडे झाले, पण खाली काही येईनात. भावोजी बाह्या खाली करत म्हणाले, "अगं, मला काही होतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. रोज दोनशे दहा पायऱ्या चढतो मी. तुझी बाकीची गिऱ्हाइकं चढतील का?"

'मला काही होत नाही' हे वाक्य माझ्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा ऐकू येतं आणि दहाही वेळा मी मोजायचा पट्टा काढते. आमच्या वडिलांनाही काही होत नव्हतं. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला, तो उचलायला ते वाकले आणि परत उभे राहिलेच नाहीत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची चार वर्षं ते अंथरुणात होते. मी तेव्हा शिकत होते. सगळं ताईने केलं. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. रक्त जास्तीच्या जोराने आतल्या नळ्यांवर वर्षानुवर्षं आदळत राहतं. हृदय थकतं, डोळे आणि मूत्रपिंडं झिजतात, एखाद दिवशी मेंदूतली नळी फुटते नाहीतर तुंबते, आणि माणूस मात्र तोवर जिने चढून दाखवत असतो.

संध्याकाळी मी ताईच्या घरी जाऊन आकडे सांगितले. ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला शर्ट खाली ठेवला आणि पलंगावर बसली. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी निमूटपणे डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या, भावोजींची मुलगी शोभेल अशा. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी रात्रीची एक गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. भावोजी वर जाताना खारे शेंगदाणे न्यायचे, ते त्यांनी त्या दिवसापासून बंद केले. जेवताना वरून मीठ घ्यायची सवय मोडली. रोज अर्धा तास चालायला लागले. वजन चार किलो उतरलं. माझी छाती फुगली. दुकानात येईल त्याला मी आमच्या भावोजींचा दाखला द्यायला लागले.

आकडा उतरला, पण पुरेसा नाही. महिन्याभराने डॉक्टरबाईंनी सकाळची एक गोळी वाढवली. ही गोळी शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. स्वस्त आहे, जुनी आहे, चांगली आहे. तरी आकडा हलेना. एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ, कधी एकशे पंचावन्न. चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी रात्रीची आणखी एक गोळी वाढवली. आता दिवसाला तीन गोळ्या झाल्या, आणि आकडा आपला ढिम्म.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी भावोजींना फैलावर घेतलं. चोरून शेंगदाणे खाता का? मागच्या गल्लीतल्या हॉटेलात जाता का? ताईच्या तोंडाकडे बघून तरी नीट राहा! भावोजी टूथपेस्टच्या कपाटाकडे बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "झालं तुझं? मग रात्रीच्या गोळ्या दे. सकाळची आहे अजून."

मी रात्रीच्या गोळ्या दिल्या. 'सकाळची आहे अजून' हे शब्द मी ऐकले, पण माझं तोंड चालू असलं की कान बंद असतात.

आता यात अडकलं होतं ते असं. क्रेन चालवणाऱ्यांची वर्षातून एकदा कंपनीकडून तपासणी होते. सगळं ठीक असेल तर 'वर चढायला हरकत नाही' असा कागद मिळतो. तो नसेल तर शिडीला हात लावायचा नाही, कायमचं खाली. भावोजी चोवीस वर्षं वर बसत होते. त्यांना खाली काही येत नाही असं नाही, पण खाली त्यांचा जीव रमत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते गच्चीवर जाऊन वारा बघून येतात. "वर कुणी उगाच बोलत नाही," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. सांगताना ते माझ्याचकडे बघत होते.

तपासणी सोमवारी होती. आदल्या बुधवारी मी मोजलं तेव्हा वरचा आकडा एकशे छप्पन्न होता. शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. भावोजी शिडी चढताना तिसऱ्या टप्प्यावर बसून राहिले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, हात सुटेल असं वाटलं, म्हणून कमरेचा पट्टा कठड्याला अडकवून ते तिथेच खाली बसले. खालून सिग्नल देणाऱ्याने पाहिलं आणि दोघं जण वर जाऊन त्यांना हळूहळू उतरवून आले.

आम्ही डॉक्टरबाईंकडे पोचलो तेव्हा भावोजी बाकावर ताठ बसले होते, चेहरा पांढरा. झोपवून मोजलं तर वरचा आकडा एकशे दहा, उभं करून मोजलं तर अठ्ठ्याऐंशी. तीन दिवसांपूर्वी एकशे छप्पन्न असलेला माणूस! डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तिन्ही गोळ्या रोज घेतात ना?"

"घेतात," मी ठासून सांगितलं.

साइटच्या इंजिनिअरसाहेबांनी निरोप पाठवला की डॉक्टरचा आणि कंपनीच्या तपासणीचा, असे दोन्ही कागद येईपर्यंत आभाळरावांनी वर जायचं नाही. सोमवारची तपासणी दीड महिना पुढे ढकलली. तेवढ्यात जमलं नाही तर क्रेनवर दुसरा माणूस कायमचा घेणार, हेही सांगितलं. भावोजींना सामानाच्या खोलीत बसवलं. नटबोल्टच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम. दोन दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या एका रेषेत आल्या आणि मग त्यांना करायला काही उरलं नाही.

मी मात्र दुकानात स्वस्थ बसू शकेना. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना भावोजींना किती औषध दिलं ते काँप्युटरवर काढून पाहिलं. रात्रीच्या गोळ्या दर तीस दिवसांनी, तारीख चुकलेली नाही. सकाळच्या गोळीची मात्र दहा महिन्यांत फक्त तीन पाकिटं. एका पाकिटात पंधरा. म्हणजे आठवड्याला एक.

विसरभोळा माणूस तिन्ही गोळ्या विसरतो. औषधाला कंटाळलेला माणूस तिन्ही टाकतो. हा माणूस दोन गोळ्या चोख घेतो आणि तिसरी आठवड्यातून एकदाच घेतो, हे काय गौडबंगाल आहे? मी ताईला फोन लावला.

"रविवारी मी चहाबरोबर त्यांच्या हातात ठेवते," ताई म्हणाली. "बाकीचे दिवस ते साडेपाचलाच निघून जातात. मी झोपेत असते गं. घेत असतील की."

रविवारी. म्हणजे ज्या दिवशी क्रेन नसते त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पोचवायच्या निमित्ताने मी साइटवर गेले. फाटकाशी नारिंगी जाकीट घातलेला सिग्नलवाला भेटला. गेली नऊ वर्षं वॉकीटॉकीवर भावोजींशी बोलणारा हाच. मी मान मागे टाकून वर पाहिलं. खोली एवढीशी दिसत होती, काड्यापेटी ठेवल्यासारखी.

"जेवायला खाली येतात का हो ते?" मी विचारलं.

"छे! दोनशे दहा पायऱ्या उतरा, परत चढा. तासभर क्रेन बंद म्हणजे खाली पन्नास माणसं हात बांधून उभी. एकदा वर गेले की साडेतीनलाच खाली."

"आणि... मध्ये जायचं झालं तर?"

सिग्नलवाल्याने आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं. "सगळे बाटली नेतात, ताई. या धंद्यात रिवाजच आहे तो. पण आभाळराव नेत नाहीत. 'जिथे मी चपला घालून बसतो तिथे मी हे करणार नाही,' म्हणतात. म्हणून वर पाणीसुद्धा पीत नाहीत. चोवीस वर्षांत आभाळराव मध्येच खाली आलेत असं एकदाही झालं नाही, साहेब सगळ्यांना सांगतात."

मी तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. मला भयंकर लाज वाटली. बावीस वर्षं मी लोकांना गोळ्या देते, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर ते पाठ म्हणून दाखवते. आणि लघवी होणारी गोळी सकाळी घेऊन हा माणूस आठ तास काचेच्या खोलीत काय करणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचा धंदा तर मला चपलांसकट पाठ होता.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात भावोजी मटार सोलत बसले होते. खाली आल्यापासून ते घरात दिसेल ते काम करायचे. मी वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं. ते गिळलं आणि त्यांच्यासमोर बसून मीही एक शेंग उचलली.

"भावोजी, सकाळची गोळी घेतली की वर अडचण होते ना?"

त्यांचा अंगठा शेंगेवर थांबला. कान लाल झाले. ताई ओट्यापाशी पाठमोरी होती, ती वळली.

"एकदा घेतली होती, पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "दहा वाजता काचेचा माल हवेत होता आणि मला... मी दात आवळून बसलो. माल ठेवला, मग तसाच तासभर. दांड्यावर लक्ष राहीना. त्या दिवशी ठरवलं, कामाच्या दिवशी नाही घ्यायची."

"आणि गेल्या आठवड्यात?"

"तपासणी होती ना. गुरुवारपासून तिन्ही घेतल्या. पण वर जायचं म्हणून रोज आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद ठेवलं. गोळीपुरता घोट, बस."

आता कुठे मला सगळं उलगडलं. एकीकडे गोळी पाणी काढत होती, दुसरीकडे हे पाणी पीत नव्हते, आणि आकडा उतरत नाही म्हणून वाढवलेली तिसरी गोळी त्यावर आपलं काम करत होती. तीन दिवस हे असं चाललं होतं. शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी येणार नाही तर काय होणार?

"मग आधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? डॉक्टर लेक शोभेल अशी. तू काउंटरवर चार माणसांत ओरडतेस. आणि हिला..." त्यांनी ताईकडे पाहिलं. "हिला सांगितलं असतं तर हिने मला वर जाऊच दिलं नसतं."

ताई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही नाही चढवला. "चार वर्षं मी बाबांना कुशीवर वळवलं," ती म्हणाली. "दर दोन तासांनी. तुमच्यावर वेळ आली तर तुमचंही करीन, नाही म्हणणार नाही. पण तुम्ही एक वाक्य बोलायला लाजलात म्हणून मला ते करावं लागलं असतं, तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं."

भावोजींच्या हातातले मटार ताटात सांडले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मी म्हणाले, "माझं चुकलं, भावोजी. मी विचारायला हवं होतं, ओरडायला नको होतं." माझ्या तोंडून माफी निघते हे ऐकून ते इतके दचकले की रडायचे थांबले.

डॉक्टरबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं, मी आणि ताई बाहेर बसलो होतो. दार बंद असूनही आतून हसण्याचा आवाज आला, आधी बाईंचा आणि मग भावोजींचा. नंतर बाईंनी आम्हालाही आत बोलावलं.

"काका, चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय काम करता ते मी विचारलं, पण दिवस कसा जातो ते विचारलं नाही. आकडा उतरेना म्हणून मी औषध वाढवत गेले आणि तुम्ही पोटात घेतच नव्हता."

मग त्यांनी सगळं नव्याने मांडलं. वाढवलेली तिसरी गोळी बंद केली. रात्रीची पहिली गोळी तशीच ठेवली. सकाळची गोळी दुपारी चारला, काम संपल्यावर, म्हणजे झोपायच्या आत तिचं काम उरकतं. पाणी मात्र दिवसभर प्यायचंच, त्यात सूट नाही. बसलेलं असलं की झटकन उठायचं नाही. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनाने भरूनही काढायची नाही. अडचण झाली की आधी फोन. आणि घरी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, बोलणं बंद.

"ही जवळ असली की बोलणं बंद कसं ठेवणार?" भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. त्यांची गाडी रुळावर येत होती.

वही सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मीच घाबरले. सकाळी एकशे चव्वेचाळीस, संध्याकाळी एकशे बत्तीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. मी लगेच फोनकडे हात नेला. तेव्हा भावोजींनी मला समजावलं, एरवी हे उलटं चालतं.

"अगं, माझ्या समोर वाऱ्याचा काटा असतो ना, तो कधी एका जागी थांबतो का? एक झुळूक आली, काटा उडाला, म्हणून मी काम बंद करत नाही. पण दहा मिनिटं काटा वरच राहिला तर मालाला हात लावत नाही, मग साहेब ओरडो नाहीतर नाचो. हेही तसंच. एका आकड्याला भ्यायचं नाही, आणि एका चांगल्या आकड्यावर नाचायचंही नाही. आठवडा बघायचा."

बावीस वर्षांत मला गिऱ्हाइकांना हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. आता मी तेच सांगते, वाऱ्याच्या काट्यासकट.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. दिवसभर पाणी प्यायचं म्हणजे वर काहीतरी सोय हवी, आणि बाटलीला भावोजी मरेपर्यंत तयार नव्हते. ताई म्हणाली, "साहेबांना सांगा." भावोजी आठवडाभर टाळत राहिले. शेवटी एका सकाळी सामानाच्या खोलीतून उठून ते थेट इंजिनिअरसाहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, वर संडास पाहिजे."

साहेबांनी नकाशावरून मान वर केली. क्रेनचा सांगाडा अठराव्या मजल्यापाशी इमारतीला बांधला होता, तिथून सांगाड्यावर जायला छोटा लोखंडी पूल होता. खोलीपासून तिथवर फक्त चाळीस पायऱ्या. साहेबांनी पेन्सिलने अठराव्या मजल्याच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला. "एवढंच? आभाळराव, चोवीस वर्षांत बोलला का नाहीत?" या प्रश्नाचं भावोजींना आता सगळीकडे उत्तर द्यावं लागत होतं.

सहाव्या आठवड्यात वहीतले आकडे एकशे तिसाच्या आसपास रेंगाळू लागले. तपासणीच्या दिवशी ताईने दुसरं काहीच केलं नाही, नुसती फोनसमोर बसून राहिली. भावोजींचा फोन आला तेव्हा मीच उचलला, कारण तिचा हात उठेना. "एकशे सव्वीस, ब्याऐंशी. उभं करूनही मोजलं. कागद मिळाला." माझा जीव भांड्यात पडला. ताईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोमवारी मी पण येणार."

हे ऐकून मी बघतच राहिले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण ताई एकदाही साइटवर गेली नव्हती. नवऱ्याला एवढ्या उंचावर बसलेलं एकदा पाहिलं तर रोजचा दिवस कसा ढकलणार, म्हणून ती त्या रस्त्यानेसुद्धा जायची नाही.

सोमवारी सकाळी सातला आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो. भावोजी शिडी चढायला लागले. प्रत्येक टप्प्यावर थांबत होते, श्वास घेत होते आणि खाली हात करत होते. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. तिसऱ्या टप्प्यावर ते जरा जास्त थांबले. मग पुढे गेले. वरच्या खोलीचं दार उघडलेलं दिसलं, थोडा वेळ काहीच हाललं नाही. "चपला घालत असतील," मी म्हणाले.

मग क्रेनचा लांब हात सावकाश वळला. माल उचलायचा लोखंडी आकडा खाली आला. सिग्नलवाल्याने त्या दिवसाचा पहिला माल त्याला अडकवला. तो माल म्हणजे निळ्या प्लॅस्टिकचा, दार असलेला, कोरा करकरीत संडास होता. साइटवरची झाडून सगळी माणसं काम टाकून बघायला आली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. निळी खोली जमिनीवरून उचलली गेली, एकदाही हेलकावा न खाता मजल्यामागून मजला वर चढत गेली आणि अठराव्या मजल्यावर जाऊन अलगद टेकली. ठेवायला कुणाला हातही लावावा लागला नाही. साहेब स्वतः टाळ्या वाजवत होते.

वॉकीटॉकी खरखरली. "माल पोचला," भावोजींचा आवाज आला, अगदी नेहमीचा, कोरडा.

सिग्नलवाल्याने वॉकीटॉकी ताईच्या हातात दिली आणि बटण दाबून दाखवलं. ताईने ती दोन्ही हातांत धरली.

"अहो," ती म्हणाली. साइटवरच्या सगळ्या वॉकीटॉकींमधून ते 'अहो' ऐकू आलं, आणि माणसं वळून बघायला लागली. "पाणी प्यायलात का?"

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली.

"पितोय," भावोजी म्हणाले. "तू आलीस होय? थांब जरा, बाटली खाली ठेवतो."

मग वरच्या काचेमागून एक हात हलला. ताईनेही हात वर केला, आणि मान खाली न घेता तशीच उभी राहिली.